म्हातारीवरची दोन पिंपं

अँकरेजपासून आमचं बेट किती लांब, असं संगणकाला विचारलं की तो क्षणात सांगतो: पावणेआठशे मैल, विमानाने तीन तासांच्या आसपास. सेनियाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, कॉलेजातल्या मैत्रिणींनी एकदा तसं विचारून पाहिलं आणि तिला म्हणाल्या, "मग शनिवार-रविवारी घरी का पळत नाहीस गं?" ती नुसती हसली म्हणे. बेरिंग समुद्रात राहणारं माणूस या प्रश्नाचं उत्तर तासांत देत नाही. आम्ही फोनवर "कधी पोचशील?" असं विचारत नाही, "कधी निघतेस?" एवढंच विचारतो. आणि जो अँकरेजला निघाला त्याचं अंथरूण, तो तिकडे उतरल्याचा फोन येईपर्यंत, काढत नाही. वाटेतून परत येऊन त्याच अंथरुणात झोपलेली माणसं आमच्या घराघरात आहेत.

उद्या सेनिया निघणार आहे. ती यायची असली की मला झोप लागत नाही. कूस बदलत पडून राहण्यापेक्षा उठले आणि दिवा लावला. आकुलिनामावशीबद्दल लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आकुलिना आमच्या विमानतळावर हवामान निरीक्षक आहे. विमानतळ म्हणजे खडीची धावपट्टी, पत्र्याची एक शेड आणि वाऱ्याने वाकलेलं कुंपण. त्या कुंपणाच्या कोपऱ्यात ती उभी राहते आणि म्हातारीकडे बघते. म्हातारी ही आमची टेकडी. रशियन व्यापाऱ्यांनी आमच्या पणज्या-खापरपणज्यांना सील मारायला इथे आणून टाकलं, तेव्हापासून तिचं हेच नाव आहे. म्हातारी दिसली तर विमान उतरतं, नाही दिसली तर नाही. तसं यंत्रही आहे, पण ते आपल्या डोक्यावरचं तेवढं मोजतं, आणि आमचं धुकं समुद्राकडून आडवं येतं. म्हणून आकुलिनाने "दिसते" म्हटल्याशिवाय वैमानिकाला खाली यायची परवानगीच नाही. येणारं विमान परतीचं इंधन पोटात घेऊनच येतं, कारण जवळपास उतरायला दुसरी जागा नाही. धुकं असलं की ते आमच्या डोक्यावर घिरट्या घालतं, आम्ही खाली उभे राहून नुसता आवाज ऐकतो, आणि मग तो आवाज पूर्वेकडे जातो. आतली माणसं दिवसभर आकाशात बसून जिथून निघाली तिथेच उतरतात.

गाव तिच्याशी असं बोलतं, जणू धुकं तिनेच आणलंय. दुकानात मी कितीदा तरी ऐकलंय.

"काय गं आकुलिना, उठव की तुझ्या म्हातारीला! माझं धुण्याचं मशीन महिनाभर अँकरेजला पडून आहे."

"उठवते. तू आधी तुझ्या नवऱ्याला अंथरुणातून उठव, मग मी म्हातारीचं बघते."

बुटकी, रुंद बांध्याची, साठीला टेकलेली बाई. सतत लांब बघून डोळे किलकिले झालेले. खिशात वाळवलेल्या हॅलिबट माशाचे तुकडे, ते चघळत उभी असते. नवरा हॅलिबट धरायला गेला तो होडीसकट गेला, तेव्हा केशा पाळण्यात होता. केशा म्हणजे इनोकेंती, तिचा एकुलता एक.

पिंपांची गोष्ट तिच्या नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यातली. त्या दिवशी तिने "दिसते" म्हणून सांगितलं, विमान खाली आलं आणि धुक्यात धावपट्टी सोडून बाजूच्या गवतात घुसलं. मेलं कुणी नाही. पण देवळाचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभारी त्रिफोन आत होता, त्याची कंबर मोडली आणि तो पुन्हा चालला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो दारात चाकाच्या खुर्चीत बसलेला असायचा आणि ती समोरून गेली की ओरडायचा, "ये, ये टेकडीवाली! नीट बघून सांग, मी तरी दिसतोय का?" ती थांबायची, त्याच्या गुडघ्यांवरचं कांबळं सारखं करायची. तो मरेपर्यंत दर रविवारी तिने त्याला कणकेत मासा भरून भाजलेला पिरोग नेऊन दिला.

चौकशी झाली. ती खोटं बोलली असं कुणी म्हणालं नाही. "मी खोटं बोललेच नव्हते, ल्युबा," असं ती मला एकदा म्हणाली. "मला ती दिसली होती. जन्मापासून बघत आलेय ना मी तिला. डोळे मिटले तरी दिसते. त्या दिवशी डोळे उघडे होते एवढंच."

आम्हा सगळ्यांचं तसंच आहे. बाहेरचा माणूस धुक्याकडे बघतो तेव्हा त्याला धुकं दिसतं. आम्हाला त्यात देऊळ दिसतं, खेकड्यांच्या कारखान्याचं धुराडं दिसतं, सगळं जिथल्या तिथे. डोळे आपले ठरलेल्या जागी ठरलेली वस्तू ठेवून मोकळे होतात.

म्हणून आकुलिनाने म्हातारीच्या माथ्यावर तेलाची दोन रिकामी पिंपं ठेववली, भगव्या रंगात रंगवून. हे काम तिने प्लातोनला सांगितलं. प्लातोन गावातला कचऱ्याचा ट्रक चालवतो आणि कचऱ्याचा खड्डा टेकडीच्या पलीकडे आहे. विमान यायच्या दिवशी त्याने वर जाऊन पिंपं हलवायची. दोन्ही उभी, दोन्ही आडवी, एक उभं एक आडवं, त्याला वाटेल तशी. आणि तिला काही सांगायचं नाही. ती कोपऱ्यात उभी राहून बघायची. पिंपं कशी आहेत हे सांगता आलं, तर तिला म्हातारी खरंच दिसतेय. नुसती टेकडी दिसली आणि पिंपं कशी आहेत ते कळलं नाही, तर तो डोक्यातला डोंगर. मग ती रेडिओवर "दिसत नाही" म्हणायची, पार्किंगमध्ये उभी असलेली अख्खी वस्ती "अगं ती काय, समोर तर आहे!" म्हणून ओरडली तरी.

प्लातोन केशाचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला केशाला हातांवर त्याने घेतलं होतं, त्यामुळे आमच्या रिवाजाप्रमाणे तो आकुलिनाला कूमा म्हणतो. स्वतःचं मूल नाही. केशाला होडी चालवायला त्यानेच शिकवलं, पहिली दारूही त्यानेच पाजली असणार. पिंपांवरून दोघांची कायम थट्टा चालायची.

"कूमा, आज अशी ठेवलीत की तुझा बापही ओळखणार नाही."

"माझा बाप तुला पुरता ओळखून होता, म्हणून तर लग्नाला नाही म्हणाला."

केशाला एकतिसाव्या वर्षी यकृताचा कर्करोग झाला. वसंतात त्याला अँकरेजच्या इस्पितळात नेलं, आणि जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलं नाही, थोडे दिवस आहेत. आकुलिना तिथेच त्याच्या उशाशी होती. त्यानेच तिला पुढे पाठवलं.

"आई, तू जा. मी मागून येतो. मला इथे नाही मरायचं. खिडकीतून नुसत्या गाड्या दिसतात गं."

"बरोबर जाऊ की आपण."

"आणि म्हातारीकडे कोण बघणार? तुझ्या जागी बसलेल्या त्या पोराला सगळी टेकाडं सारखीच दिसतात. तू तिथे असलीस तरच मी उतरेन."

तिला ते पटलं. बदलीवर आलेला मुलगा बाहेरचा होता आणि नुसत्या शंकेने विमानं परत पाठवायचा. ती परत आली. केशाची खाट खिडकीशी लावली, म्हणजे खालच्या किनाऱ्यावरून सीलांचा आवाज आत येईल. प्राणवायूची टाकी आणि एक परिचारिका सोबत, असं ठरवून त्याला त्या आठवड्याच्या विमानात जागा मिळाली. त्याच विमानात सेनियाही होती, कॉलेजचं वर्ष संपवून सुट्टीला येणारी.

त्या सकाळी आभाळ उघडं होतं. आकुलिनाने अँकरेजला कळवलं, "म्हातारी स्वच्छ," आणि विमान निघालं. दुपारपर्यंत गाव विमानतळावर जमलं. कुणी पिरोग आणला होता, कुणी खाटेवर घालायला नवी गोधडी. पाद्रीबुवाही आले होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग समुद्राकडून धुकं आलं. आधी कारखान्याचं धुराडं गेलं, मग देऊळ, मग कुंपणापलीकडचं सगळंच.

विमानाचा आवाज आला तेव्हा आकुलिना कोपऱ्यात रेडिओ घेऊन उभी होती. मी तिच्यामागे. तेवढ्यात प्लातोनचा ट्रक धुक्यातून आला. वरून पिंपं हलवूनच तो येत होता. दार उघडं टाकून तो धावत आला आणि तिचा दंड धरून म्हणाला, "कूमा, एक उभं, एक आडवं. समुद्राच्या बाजूचं आडवं. मी आत्ताच ठेवलंय. सांग त्यांना!"

आकुलिनाने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"काय केलंस प्लातोन."

"अगं, तो पोर वर आहे! खरं तेच सांगितलं ना मी?"

"आता मी बघू कशी?" ती म्हणाली. "आता मी कशाने बघू?"

त्याला कळायला वेळ लागला. मलाही. पिंपं कशी आहेत हे ठाऊक नसणं, एवढाच तिच्याकडे आधार होता. आता ती धुक्यात बघणार, आणि तिला जे ठाऊक आहे तेच तिथे दिसणार. पोटचा पोर डोक्यावर घिरट्या घालत असताना तर नक्कीच.

रेडिओवर वैमानिक विचारत होता. तिने सांगितलं, "दिसत नाही." तो थोडं थांबून म्हणाला, "आकुलिना, इंकी माझ्याबरोबर आहे. माझ्याकडे वीसेक मिनिटं आहेत. मी थांबतो." बाहेरची माणसं केशाला इंकी म्हणायची.

मागे पार्किंगमध्ये कुजबुज वाढत चालली होती. "ती काय, दिसतेय की!" कुणीतरी म्हणालं. "अगं म्हण ना दिसते म्हणून!" दुसरं कुणी रडकुंडीला येऊन म्हणालं. मी तिकडे पाहिलं. मलाही दिसत होती म्हातारी. साफ दिसत होती, कमरेपाशी खड्डा असलेली, लहानपणी मी चित्रात काढायची तशी. आणि विमानात माझी मुलगी होती.

आकुलिनाने प्लातोनकडून ट्रकची किल्ली काढून घेतली आणि माझ्या हातात कोंबली. "ल्युबा, तू जा. हलव ती. कशी ठेवलीस ते मला सांगू नकोस. प्लातोन, तू इथेच थांब."

मी तो ट्रक पूर्वी कधी चालवला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसत नव्हत्या. वर पोचेपर्यंत निम्मा वेळ गेला असेल. प्लातोन म्हणाला तसंच होतं, एक उभं, एक आडवं. मी उभं असलेलं पिंप लाथ मारून पाडलं आणि दोन्ही आडवी करून ठेवली. मग विमानतळाच्या दिशेने पाहिलं. पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. माझे स्वतःचे बूट मला धुरकट दिसत होते. विमानाचा आवाज मात्र तिथे फार मोठा होता, अगदी माझ्या डोक्यावरून जात होता. सेनिया त्यात कुठल्या बाजूला बसली असेल असा विचार मी करत राहिले. आवाज एकदा येऊन गेला, पुन्हा आला. मग तो पूर्वेकडे गेला आणि वळला नाही.

मी खाली आले तेव्हा लोक गाड्यांत बसत होते. प्लातोन कुंपणाशी जमिनीवर बसला होता. आकुलिना कोपऱ्यातच होती, टेकडीकडे तोंड करून, हातात रेडिओ. तिचा अंगठा बटणावर होता. मी तो हळूच सोडवला.

केशा विमानातच गेला. सेनियाने मला नंतर सांगितलं. ती पलीकडच्या खुर्चीवरून उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. विमान परत फिरल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही. तो डोळे मिटून पडला होता. अँकरेज जवळ आलं, विमान खाली येऊ लागलं, तेव्हा कानांना कळलं असावं. त्याने विचारलं, "उतरतोय का आपण?"

"हो, उतरतोय," ती म्हणाली.

"म्हातारी दिसते?"

"दिसते."

"आई कोपऱ्यात असेल," तो म्हणाला. त्यानंतर बोलला नाही.

त्याला पेटीतून आणायला विमान आठवडाभराने मिळालं. मध्ये दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं, पेटीसकट. तिसऱ्या वेळी आभाळ निळं होतं, समुद्रही दिसत होता. गावाने आकुलिनाला सांगून पाहिलं की आज तू नको, बदलीचा मुलगा बघेल. ती म्हणाली, "त्याला कुठे काय दिसतं." ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग रेडिओवर म्हणाली, "दिसते. उतरा." मुलाला घरी उतरवणारा शब्द तिनेच उच्चारला. सेनियाही त्या विमानात होती. मी तिला कवटाळलं, आणि आकुलिनाने बघू नये म्हणून शेडच्या मागे नेऊन कवटाळलं.

प्लातोनने कबर खणली, पण तिच्या घरात पाऊल टाकलं नाही. पहाटे तिच्या पायरीवर साफ केलेला मासा ठेवून जायचा. ती तो आत घ्यायची, शिजवायची. त्याला हाक मात्र मारली नाही.

केशाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची तयारी करायला मी तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघी मासे चिरत होतो. सेनियाने केशाचं शेवटचं बोलणं तिला आधीच सांगितलं होतं, आणि ती "बरं केलंस पोरी" एवढंच म्हणाली होती. त्या दिवशी तिने आपणहून विषय काढला.

"मला दिसलं होतं, ल्युबा."

"काय?"

"पिंपं. विमान जाता जाता. आवाज अजून येत होता. धुकं फाटल्यासारखं झालं आणि मला दिसलं, एक उभं, एक आडवं. समुद्राच्या बाजूचं आडवं. मी बटणावर बोट ठेवलं. बोलावलं असतं तर तो वळला असता. आणि मी बोलले नाही."

मी सुरी खाली ठेवली. कशी ठेवलीस ते सांगू नकोस असं ती म्हणाली होती, आणि मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पेटी आली त्या दिवशी तिला पिंपं वेगळी दिसली असतील, पण मधल्या दिवसांत कुणीतरी ती हलवली, असं ती धरून चालली असणार.

"मावशी," मी म्हणाले, "तेव्हा दोन्ही आडवी होती. मी पाडलं होतं उभं. विमान डोक्यावर होतं तेव्हाच. मग तो आवाज गेला."

तिने ऐकलं. तिच्या हातातला मासा तसाच होता.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हणजे नव्हती दिसत."

"नव्हती."

तिने बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, ते मी मनात पुढे पुढे बघत होते: विमान वळलेलं, धुक्यात खाली येणारं, पलीकडच्या खुर्चीवरून उठून केशाशेजारी बसलेली सेनिया. मी तिला म्हणणार होते की तू माझी मुलगी वाचवलीस. पण त्या घरात, त्या दिवशी, ते तोंडातून निघेना.

"बरोबर होतं मग," ती शेवटी म्हणाली. तिने माशाचं पोट फाडलं, आतलं काढलं, पाण्यात टाकलं. "बरोबर होतं," पुन्हा म्हणाली. मला वाटलं होतं की हे कळल्यावर तिला थोडं हलकं वाटेल. खिडकीशी लावलेली ती खाट तिने अजून हलवली नव्हती, आजही हलवलेली नाही.

निघताना ती मला म्हणाली, "आता प्लातोनला नाही जमणार ते. त्याच्याकडे बघितलं की मला सगळं कळतं. तू कर. शाळेत शिकवून सुटलीस की जात जा वर."

"माझी सेनिया येते-जाते, मावशी. मला नको सांगूस. माझ्याच्याने राहवणार नाही."

"म्हणूनच तू," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे काय होतं ते."

त्याला तीन वर्षं झाली. मी पिंपं हलवते. ज्या दिवशी सेनिया विमानात नसते त्या दिवशी ते काम भांडी घासण्याइतकं सोपं असतं. प्लातोन अजून मासा ठेवून जातो.

उद्यासाठी मी आज संध्याकाळीच वर जाऊन आले. दक्षिणेकडून धुक्याचा पट्टा येतोय असं रेडिओवर सांगत होते, आणि तो मला समुद्रावर दिसतही होता, की दिसतोय असं वाटत होतं. पिंपं ठेवली. परत येताना आकुलिनाच्या घरावरूनच रस्ता आहे. ती अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. एरवी मी थांबते, आम्ही दोन शब्द बोलतो. आज वेग कमी करायचाही धीर झाला नाही. माझ्या चेहऱ्यावर काय असेल कोण जाणे.

तिने गाडीचा आवाज ओळखला. हातातली चादर तशीच धरून रस्त्याकडे पाठ केली, आणि मी वळणाआड होईपर्यंत तशीच उभी राहिली.